बार बरोबर निघाला

९ फेब्रु., सोमवार
आज बोअरिंगचा बार फिरला, भोकं आतून कातून मापात आणणारा. भंगारातून आणलेला सिलिंडरचा रॉड, दोन बेअरिंग, काँक्रीट मिक्सरची जुनी मोटर. ड्रॉइंग माझं, हात माझ्या बापाचे, अण्णांचे. आता पोकलेनचा बूम, तिची ती लांब लोखंडी भुजा, बाहेर मोठ्या मशिनवर न्यायला नको, भोसरीत आपल्याच शेडमध्ये बोअर होईल. पोरगी इंजिनीअर झाली म्हणून आई वर्षभर गल्लीत सांगते आहे. मला ते आज खरं वाटलं.

११ फेब्रु., बुधवार
पहिलाच बूम. झिजून लांबट झालेली पिनची भोकं आमच्या वेल्डर सलीमभाईंनी सकाळी वेल्डिंगने भरली. लोखंड पुरतं गार झाल्याशिवाय टूल लावायचं नाही, आणि गार झालं की नाही ते अण्णांचा तळहात ठरवतो. तीस वर्षं असंच. दुपारी त्यांनी हात टेकवला, टेकवूनच ठेवला. म्हणाले, घे.
सलीमभाईंनी बोट लावून झटकन मागे घेतलं. "अण्णा, हात हाय का सांडशी?"
सगळे हसले. मीही. अण्णांनी हात लावून बघितल्यावर मी परत कशाला लावू...
लगेच बार चालवला. माप अगदी बरोबर आलं.

१२ फेब्रु., गुरुवार
सुट्टी, तरी आम्ही शेडवर गेलो. पिन शिरेना. भोक कालच्यापेक्षा बारीक. अण्णा बारकडे बघून म्हणाले, वाकत असंल. दिवसभर डायल गेज लावून बार तपासला. कुठेच वाकत नाही.

१४ फेब्रु.
त्याच बारने, काहीही न बदलता, गार बूमवर बारीक कट घेतला. पिन हाताने सरकली. म्हणजे बुधवारी लोखंड गरमच होतं. निवताना आकसलं.
जेवताना अण्णांचा तळहात बघितला. फुटलेला फोड. भाजलं का विचारलं, तर म्हणाले, "कुठं?" आणि स्वतःच हात उलटसुलट करून बघू लागले.
आई मोरीत हळूच म्हणाली, पायातली चप्पल निसटलेलीही कळत नाही त्यांना. शुगरने हातपाय बधिर झालेत. तेव्हा तुझी शेवटची परीक्षा होती म्हणून आम्ही बोललो नाही.
बार बरोबर निघाला. त्याचं इतकं वाईट वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

१६ फेब्रु.
गिऱ्हाइकाला सांगितलं, बार नवा आहे, सेटिंगला वेळ गेला. सलीमभाई माझ्याकडे बघत राहिले. अण्णा शेडबाहेर जाऊन उभे राहिले.
तापमान बघायची गन आणली. अण्णांनी खोका उघडलाही नाही. दवाखान्याचं काढलं की उठून जातात.

१८ फेब्रु., बुधवार
दुसरा बूम. वेल्डिंग होऊन चार तास झाले. अण्णा जवळ गेले, हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मला हाक मारली.
"तू लाव."
लावला. कोमट. त्यांचं गार म्हणजे किती गार, हे मी कधी विचारलंच नव्हतं.
"एवढं चालतं का, अण्णा?"
"मला काय इचारती?"
हे रागावून म्हणाले नाहीत. मोटर बंदच ठेवली. लोखंड आणखी निवायची वाट बघत दोघंही तिथेच उभे राहिलो.