सोमवारचे बैल

लातूर, २ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. दोड्डप्पांना मंजुश्रीचे शरणु शरणार्थी, वि. वि.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. देवणीकडचे शेतकरी बैल तपासू देत नाहीत म्हणून माझं काम अडलंय, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. ते नाही म्हणतील, हे माझ्या मार्गदर्शक सरांनी इथं बसून ठरवलं आणि मी तसंच तुम्हाला कळवलं.

राबताना देवणी बैल उन्हात किती तापतो, हे मला बघायचंय. त्यासाठी तोच बैल एकदा कामावर आणि एकदा विसाव्याला तपासावा लागतो. विसाव्याचा दिवस मी रविवार धरला. सरांचं म्हणणं, सुगीत बैल कोण रिकामा ठेवील, आधी शेतकऱ्याच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई मंजूर होऊ दे. ती मंजुरी दिवाळीपासून येतेच आहे. नांगरट उरकली की बैलांचं काम संपलं, आणि माझ्या संशोधनाचं हे शेवटचं वर्ष.

तोवर हात बसावा म्हणून इथल्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाचं तापमान रोज घेते. दोन थर्मामीटर जुळेनात, एक बाद केला.

दोड्डम्मांना नमस्कार. माया असू द्या, रागवायचं असेल तर तेही लिहा.

आपली,
मंजुश्री

नायगाव, ९ फेब्रुवारी २०२६

चि. मंजूस अनेक आशीर्वाद.

तुझा रविवार वाचून गौरम्मा, तुझी दोड्डम्मा, हसायलाच लागली. पोरगी लातुरात राहून पार कचेरीवाली झाली म्हणाली. अगं, सोमवार बसवण्णाचा, नंदीचा. त्या दिवशी आपल्या लोकांत बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत, सुगी असो का काही असो. पाढ्यांच्या आधी मी तुला वार शिकवले होते.

देवणीजवळच्या तिच्या भावाला, शिवलिंगला, विचारलं. त्याच्या गल्लीत सगळी आपलीच, लिंगायतांची घरं. सोमवारी बैल दावणीलाच असतात, पोरीनं खुशाल तपासावं म्हणाला. भरपाईचं नाव काढलं तर रागावला. फक्त त्याच्या काळ्या तोंडाच्या बैलामागं उभं राहू नको, लाथा लई मारतो. तापमान मागूनच घेतात, हे मी त्याला सांगितलं न्हाई.

सरांशी अदबीनं बोल, पण बोल. जेवत जा, आम्हा दोघांवर जीव आहे तसाच ठेव.

तुझा थोरला काका,
ईश्वरप्पा

लातूर, १८ फेब्रुवारी २०२६

ती. स्व. दोड्डप्पांना शरणु शरणार्थी, वि. वि.

विसावा सोमवारी, काम मंगळवारी, असा आराखडा नव्यानं लिहून सरांपुढं ठेवला. चालीरीतीवर शास्त्र उभं राहत नाही, विभागाच्या एप्रिलच्या बैठकीत बघू, असं ते म्हणाले. मी म्हणाले, बैल बसलेला असला म्हणजे झालं, तो कशासाठी बसला हे थर्मामीटरला कळत नाही. भरपाईच नको, तर मंजूर काय करायचं, हेही विचारलं. त्यांनी विषय बदलला.

मग मी लेखी कळवलं. जनावरं तपासायची कॉलेजच्या समितीची परवानगी माझ्याकडं ऑगस्टपासून आहे, तिच्यावर मी जाते. थांबवायचं असेल तर कारण लेखी द्यावं. अजून कारण आलेलं नाही. आलं तर वाचीन, उत्तरही देईन, पण ते देवणीहून. विभागाची गाडी मागितलेली नाही. एसटी आहे.

झोप नीट लागत नाही, हे खरं. तरी आता थांबणार नाही. तुमचा लोभ पाठीशी राहू द्या आणि शिवलिंगमामांना एवढं कळवा, मुक्कामाला रविवारी येते, बैल तपासायला लागते सोमवारी, २३ फेब्रुवारीला.

मंजुश्री