कार्डावरचा धाकटा मुलगा

गुरुजी,

मागच्या मंगळवारी मी एक मूल मारलं. हत्यार वगैरे काही लागलं नाही. तहसीलच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत नीट बसून शुद्ध मराठीत दोन शब्द बोललो, आणि साहेबांनी पेन्सिलीने त्याच्या नावापुढे फुली मारली. मूल एक वर्षाचं होतं. ते मीच होतो.

वर्गात कोणी रडत आलं की तुम्ही त्याला आधी माठातलं पाणी द्यायचात आणि मग म्हणायचात, "आधी सांग, मंग रड. उलटं केलं तर मले काई समजत नाई." म्हणून आधी सांगतो.

दिदीला नोटीस आली. माझी मोठी बहीण तुम्हाला आठवेल, बंगाली वसाहतीतून मला शाळेत सोडायला यायची ती. आता साठीच्या पुढे गेली आहे. नवरा गेला, बाजाराच्या दिवशी अर्जुनीला मासोळी विकायला बसते, आणि या भागात असा एक आमदार झाला नाही ज्याला तिने आधी मत आणि नंतर शिव्या दिल्या नाहीत. यंदा मतदार यादीची तपासणी करणाऱ्यांनी विचारलं, बाई मूळच्या कुठल्या? दिदीने खरं ते सांगितलं. खोटं न बोलता येणं हा तिचा जुना आजार आहे, आमच्या घरात बाकी कोणाला तो झाला नाही. "सीमेपल्याडची," म्हणाली, "बापासंगं आली." झालं. जिथे तिचं लग्न झालं, जिथे तिने आई, बाबा आणि नवरा अशी तीन माणसं स्मशानात पोचवली, त्या गावात ती एका दिवसात अर्जदार झाली. कधी आलात, कोणासोबत आलात, पुरावा काय, येत्या सोमवारच्या आत.

पुरावा एकच, बाबांचं निर्वासित वसाहतीचं कार्ड. पत्र्याच्या पेटीत, बाबांच्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून दिदीने ते जपलंय. त्यावर चार माणसं आहेत: बाबा, आई, मुलगी वय सात, मुलगा वय एक. चौघंही पलीकडून आलेली. आणि दुसरीकडे तुमचं शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. त्यात त्याच मुलाचा जन्म कार्डानंतर वर्षभराने, आणि जन्मस्थान, तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात, हेच गाव. त्या एका ओळीवर माझं सगळं उभं आहे. शाळेतली मराठीच्या मास्तराची नोकरी, पासपोर्ट, आणि रविवारचं ते सदर, ज्यात मी जिल्ह्यातल्या यच्चयावत लोकांच्या खोटेपणाची खिल्ली उडवतो. वाचक पत्रं लिहितात, सर, तुम्ही कोणाला सोडत नाही. एकाला सोडत आलो, ते त्यांना कसं कळणार.

त्या दिवसाचं मला लख्ख आठवतं. जूनची सकाळ आहे, शाळेची कौलं बदलायचं काम चाललंय आणि तुम्ही बाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून बसला आहात. बाबा उभे, मी उभा. तुम्ही म्हणता, "हात डोक्यावरून घे अन् दुसरा कान धर." सहा वर्षांच्या मुलाची बोटं कशीबशी कानाला लागतात. माझी कानाच्या पाळीखाली पोचतात, कारण मी आठ वर्षांचा आहे. वसाहत झाली तरी शाळा लांब, मध्ये नाला, म्हणून दोन वर्षं उशीर झालाय. तुम्ही माझ्या बोटांकडे बघता, हसता आणि लिहिता, सहा. मग विचारता, "जन्म कुठचा?" बाबा जमिनीकडे बघत राहतात. मग तुम्ही टाक दौतीत बुडवता आणि लिहिता. एवढंच. ते लिहून झाल्यावर बाबांना म्हणता, "आमी पोवार. आमचे पुरखे माळव्यातून आले. त्यायले कोण इचारलं होतं का गा, कुठचे म्हणून? धान लावलं, राहिले." बाबांना यातलं 'धान' तेवढं समजलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. ते आल्या दिवशी आईला म्हणाले होते म्हणे, इथे भात पिकतो, म्हणजे माणूसही तगेल.

ती तुमची दया होती. मी ती पुढे सत्तेचाळीस का काय वर्षं वापरली, धुऊन वापरली, इस्त्री करून वापरली. तुमच्या घरी ओसरीवरून थेट स्वयंपाकघरात जाण्याची मला मुभा होती. काकू लाखोरीची डाळ आणि भात वाढायच्या आणि गालात हसत विचारायच्या, "काय रे, मासोळीबिना घास उतरते नं?" तुम्ही आतून ओरडायचात, "त्याले काऊन चिडवून राहिली? आपल्या गावचा पोरगा आहे तो." दहावी झालो तेव्हा तुम्ही जुना शब्दकोश दिलात. पहिल्या पानावर लिहिलंत, 'आपल्या गावच्या मुलास'. त्यातले निम्मे शब्द या गावात कोणी कधी बोललं नव्हतं, पण मी सगळे पाठ केले. गावचा व्हायला गावापेक्षा जास्त मराठी यावी लागते, असा माझा समज होता.

आणि एकदा मारलंत. सातवीत मी वर्गाला बाबांची नक्कल करून दाखवली होती. सोसायटीत खत मागताना ते कसे अडखळतात, कसे 'आमी गोरीब मानुश' म्हणत हात जोडतात. पोरं बाकं बडवून हसली. माझ्या आयुष्यातला पहिला विनोदी प्रयोग, आणि तुम्ही दारात. कानाखाली एकच ठेवून दिलीत. "बापाच्या तोंडावर टाळ्या घेऊन राहिला का बे? त्यानं आपलं तोंड बंद ठेवलं म्हणून तुले हे नवं तोंड भेटलं, एवढं तरी ध्यानात ठेव." ठेवलं. पण उपयोग केला तो एवढाच की नंतर दुसऱ्यांच्या बापांची नक्कल केली.

तर मंगळवार. साहेब तरुण आहेत, बाहेरून बदलून आलेले, वाईट नाहीत. दिदीला त्यांनी खुर्ची दिली. कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ये तो अच्छा है, अम्मा. पण यात दोन मुलं आहेत. बेटी तुम्ही. बेटा कुठाय? त्याचा पण अर्ज लागेल नं." मग माझ्याकडे वळले. "सर, आप कौन?"

"भाऊ," मी म्हणालो.

"म्हणजे हाच?"

गुरुजी, तेवढ्या वेळात माणसाच्या डोक्यातून किती काय जातं. मुख्याध्यापकांचा चेहरा. पुण्यात नोकरी करणारी माझी मुलगी, जिने आदल्याच दिवशी फोनवर कोणाला तरी 'हे बाहेरचे लोक' म्हटलेलं मी ऐकलं होतं आणि हसलो होतो. सदराखालचा माझा फोटो. मी म्हणालो, "नाही. मी नंतरचा. तो वारला."

दिदीने माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, खरंच. साहेब हळहळले, फुली मारली आणि म्हणाले, "सॉरी, अम्मा. त्या काळात दाखला कुठून मिळणार. तुम्ही एक लिहून द्या, भाऊ लहानपणी गेला म्हणून. अंगठा चालेल. सोमवारपर्यंत द्या, काम झालं समजा."

खाली चहाच्या टपरीजवळ दिदी उभी राहिली. आमच्यात एक रीत आहे, प्रेमाचं बंगालीत बोलायचं आणि भांडण इथल्या झाडीबोलीत करायचं. ती झाडीबोलीत म्हणाली, "मी अंगठा देत नाई."

"अगं, नुसता कागद आहे."

"कागदच तर पाहून राहिले सारे. कागद नसता तर तू कायले खोटा बोलला असता?" मग जरा थांबून, "सीमेवरचा नाला पार करताना बाबाच्या डोक्यावर गठुडं होतं, मायच्या हातात भांडे. तू माह्या कडेवर होता. सात वर्साची होती मी. खांदा सुजला माहा, पर खाली ठेवला नाई तुले. आता म्हणतं, मेला म्हणून लिवून दे. मेला असता तर तवाच नसता ठेवला का खाली?"

"मग तुझं नाव जाईल, दिदी. कुठे जाशील?"

"मले काय इचारतं? साहेबाले इचार. तिकडचे म्हणतील आमची नाई, इकडचे म्हणतील आमची नाई. मंग तळ्याच्या पाळीवर बसीन मासोळ्या घेऊन. मासोळ्या तरी इचारत नाईत." आणि चहा न पिता एसटीकडे निघून गेली. तिच्या मागे जाण्याइतकं तोंड माझ्याकडे नव्हतं. मी चहा प्यायलो. दोन्ही कप.

बुधवारपासून मी झोपलो नाही असं लिहिणार होतो, पण झोपलो. भीतीने माणूस चांगला झोपतो, हे मला नव्याने कळलं. एका वर्गाला निबंध दिला, 'माझे गाव', आणि फळ्यावर 'माझे' लिहून 'गाव' लिहायचंच विसरलो. पोरं हसली. गुरुजी, मला खरंच काही सुचत नाही. मी खरं सांगितलं तर ती वाचेल आणि मी अर्जदार होईन, कागदापेक्षा दोन वर्षांनी म्हातारा, सीमेपलीकडचा, मराठीचा शिक्षक. माझ्या गुडघ्यांना ती दोन वर्षं केव्हाच माहीत होती, बाकी कोणाला सांगायची हिंमत झाली नाही. गप्प राहिलो तर तिचं नाव जाईल, कारण ती अंगठा देणार नाही. मी तिला ओळखतो. ती खाली ठेवत नाही.

शेवटी तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे गेलो. त्याने सगळं ऐकलं, पानाची पिंक टाकली आणि दोन मिनिटांत वाट काढली. "सर, टेन्शन कायले घेता? प्रतिज्ञापत्र करू. कार्डावरचा मुलगा तो मीच. शाळेतली नोंद चूक. ती चूक तत्कालीन गुरुजींनी परस्पर केली, वडील अडाणी होते, आम्हास माहिती नव्हती. गुरुजी तर वारले नं? मंग त्यायले काय फरक पडते?" माझ्या तोंडचेच शब्द. तो वारला. या तालुक्यात अडचणीतून सुटायला कोणीतरी मेलेलं लागतं.

आज रविवार आहे. सदर पाठवलेलं नाही, संपादकांना पोट बिघडलं म्हणून कळवलं. तो स्टॅम्पपेपर समोर आहे, टाइप केलेला, आणि तुमचं नाव दुसऱ्या परिच्छेदात, 'परस्पर' या शब्दाच्या अगदी आधी. खाली मी सही केली आहे. उद्या सकाळी दिदीला एसटीत बसवून सोबत नेणार. साहेब कदाचित ऐकतील, कदाचित आम्हा दोघांनाही रांगेत उभं करतील. तिला मी वाचून दाखवेन, पण दुसरा परिच्छेद गाळून. कारण तो तिला पटणार नाही, आणि तुम्हालाही नाही.

वर त्या जूनच्या सकाळचं सांगताना मी एक ओळ गाळली. तुम्ही 'जन्म कुठचा' विचारलंत, बाबा जमिनीकडे बघत राहिले, आणि तुम्ही लगेच लिहिलं नाहीत. तुम्ही टाक खाली ठेवलात आणि मला विचारलंत, "तूच सांग बाबू, कुठचा तू?" आणि मी म्हणालो, "इथलाच." मोठ्याने, पाठ केल्यासारखं. दिदी तेव्हा चौदा वर्षांची, फाटकाजवळ माझी पाटी धरून उभी होती. तिने ते ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तुम्ही नुसतं लिहून घेतलंत.