अंदमानची वाळू

अहो,

मी विद्यानगरला शिल्पाकडे चाललेय. भांडून नाही, तेव्हा परेशान होऊ नका. बहिणीच्या घरी दोन दिवस नुसतं झोपायचंय.

डाळीत आंबटचुका घालून पप्पू करून ठेवलाय, भात तेवढा लावा. आईंच्या आजच्या पोळ्या डब्यात आहेत. उद्याच्या तुम्ही लाटा. तुमच्या हातच्या त्यांना चालतील, नेम फक्त बाहेरचं न खाण्याचा आहे.

धोंड्याच्या महिन्यात त्यांना हॉटेलचं चालत नाही, हे अंदमानची तिकिटं काढताना आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. त्यांचा नेम मोडावा असं मला कधीच वाटलं नाही. पण स्वयंपाकघरवाली खोली मिळाली म्हणून तुम्ही केवढे खूश झालात! मग एकट्या आईंसाठी नेलेला पोळपाट सगळ्यांसाठीच चालू झाला. पोरं म्हणाली, मम्मीच्या हातचंच पाहिजे. तुम्हीही हॉटेलचं नाव काढलं नाही. काल घरी येईल त्याला तुम्ही कौतुकानं सांगत होतात, बेटावरसुद्धा गरम पोळ्या खाल्ल्या म्हणून. मी आत चहा गाळत ऐकत होते.

बॅगा रिकाम्या केल्यात, मशीन लावलंय. कपडे तेवढे वाळत घाला. धुवायच्या आधी गच्चीत नेऊन सगळे झटकले. तुमच्या पँटींतून, पोरांच्या चड्ड्यांतून, अगदी आईंच्या लुगड्यातूनसुद्धा वाळू पडली.

माझ्या ओढण्यांतून पीठ पडलं.

प्रणिता