बाबांचा रंग

वर्धा,
१८ नोव्हेंबर २०२४

गजेंद्रदादास,

नमस्कार. वहिनींना आणि आकांक्षाला माझी आठवण सांगशील. इकडे थंडी पडली आहे, आईचा गुडघा जरा बरा आहे. फोनवर तू मधेच कापतोस, म्हणून कागद घेऊन बसले.

काल आंजीला आईकडे गेले होते. बाबांच्या वर्षश्राद्धासाठी तू नागपूरहून पाठवलेला फोटो आईने पुडक्यातून काढला, चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिली आणि मला म्हणाली, "अवं अनुसये, ह्यायची टोपी कुठी गेली वं?"

टोपी भिंतीत विरघळली, दादा. चेहरा गोरा करायचा म्हणून डेन्सिटी, म्हणजे फोटोचा गडदपणा, इतका खाली आणला, की टोपी, मिशी, मागची भिंत सगळं एकच पांढरं झालं. वर पिवळा काढून लाली घातली. जन्मभर उन्हात विजेच्या खांबांवर चढलेला वायरमन, आणि त्याला दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा करून ठेवलास. मला शिसारी आली.

फोटो लॅबमध्ये रोज सकाळी माझं पहिलं काम म्हणजे मशीनमधून एक पट्टी काढणं. तिच्यावर फिक्यापासून गडदपर्यंत करड्या चौकटी असतात. करडा नुसता करडाच दिसला पाहिजे, त्यात लाली नको, हिरवट झाक नको. गडदपणा आणि रंग दोन्ही बसले, की मग गिऱ्हाइकाचे फोटो. आणि एवढं नीट लावलेलं मशीन दिवसभर लोक बिघडवायला सांगतात. नवरी उजळ करा, नवरीची मावशी उजळ करा. करते मी, पोट आहे. पण मेलेला बाप?

बाबांना उजळ करून दे, असं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी नाही म्हटलं. तू चिडलास. "माह्या आकांक्षाचे होणारे सासरचे येऊन राह्यले त्या दिवशी. त्यायच्या घरी सगळे गोरे हायेत. काऊन समजत नाई तुले?"

समजलं ना. शेवटी तू आवाज उतरवून एक बोललास, ते लिहिणार नव्हते. "तू सयपाकघरातच राह्यजो. बाहेर येऊ नको." मला भोळीला वाटलं, कामाला माणूस कमी असेल. काल आई म्हणाली, आचारी तर तू कधीचाच ठरवला आहेस.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तू आईवर गेलास, बाबांचा रंग माझ्या वाट्याला आला. त्यांचा फोटो तुला फिका करून मिळाला. मला मशीनमध्ये घालता येत नाही, म्हणून चुलीमागे. किळस येते रे तुझी. सख्ख्या भावाबद्दल हे लिहिताना हात अडखळत नाही, याचंही वाईट वाटतं.

आईने तुझा फोटो परत पुडक्यात बांधला. म्हणाली, "हा मानूस माह्या घरचा नाई." आज मी मूळ फोटोवरून दुसरी प्रत काढली, बाबा होते तसे. उद्या आईकडे पोचवते. दिवाणखान्यात हाच लागेल, हे तिचं सांगणं आहे.

रविवारी श्राद्धाला मी त्या फोटोखाली बसणार आहे. पाहुणे विचारतील, ह्या कोण? तू सांगजो. तुझ्याने झालं नाही, तर माझं मी सांगेन.

बबनराव वायरमनची मुलगी,
अनुसया