पत्राच्या घडीचा आवाज

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकू नका. सगळं ठीक आहे. मी आजारी नाही, नापास झालेली नाही आणि कुणाशी परस्पर लग्न ठरवून मोकळीही झालेली नाही. परवा फोनवर तुम्हाला एक विचारलं होतं. माझ्या इंटर्नशिपचं सादरीकरण आहे, कॉलेजच्या मोठ्या सभागृहात, आणि घरच्यांना बोलावलंय, तर तुम्ही याल का? त्यावर तुम्ही म्हणालात, "छान, छान. तब्येतीला जप," आणि फोन आईच्या हातात दिलात. आई म्हणाली, कारखान्यात काम फार आहे, बघू. म्हणजे माझा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला. तुम्ही यायलाच हवं, बाबा. आई तर येईलच, पण मला पहिल्या रांगेत तुम्ही हवे आहात. फोनवर ते जमत नाहीये, म्हणून आता कागदावर विचारते.

पण आधी क्रेडिटचं सांगते, कारण त्यावरच सगळं अडलेलं आहे. आमच्या मॅनेजमेंटच्या कॉलेजात प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात आणि ते पुरे झाल्याशिवाय पदवी मिळत नाही. त्यातले काही वर्गात बसून मिळत नाहीत, कुठल्या तरी कंपनीत जाऊन काम करून मिळवावे लागतात. आमच्या मार्गदर्शक मॅडम भारी कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी ऐकवलं, "नुसती हजेरी लावलीस तर क्रेडिट मिळणार नाही. तुझ्या जाण्याने तिथे काय बदललं ते तुला सांगता आलं पाहिजे." माझ्या मैत्रिणींना बँका मिळाल्या, मोठाल्या कंपन्या मिळाल्या, गळ्यात अडकवायला ओळखपत्रं मिळाली. माझ्या वाट्याला आली कानाची मशीनं बनवणारी एक छोटी कंपनी, खाली औषधांचं दुकान आणि वरती दोन मजले. मी नाक मुरडलं. मैत्रिणी हसून म्हणाल्या, निदान तिथे तुझी बडबड तरी कुणी ऐकून घेईल.

आता मला त्यांच्या बँकांची कीव येते. बाबा, तुम्ही ती साच्यांची खोली बघायला हवी. मशीन कानात नीट बसावं म्हणून प्रत्येकाच्या कानाचा आधी साचा घेतात. कानात मऊ लगदा भरायचा, तो घट्ट झाला की अलगद बाहेर काढायचा. तसे शेकडो साचे भिंतीभर छोट्या छोट्या डब्यांत ठेवलेले आहेत. मी एक उचलला, मग दुसरा, मग बघतच राहिले. एकासारखा दुसरा नाही. आणि गंमत म्हणजे एकाच माणसाचे डावे-उजवे कानसुद्धा एकमेकांसारखे नसतात. आपण आयुष्यभर डोक्याच्या दोन्ही बाजूंना एवढं कोरीवकाम घेऊन फिरतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. तुम्ही कारखान्यात लाकडाच्या फळीवरच्या रेषांवरून बोट फिरवायचात ना, तसं मी त्या साच्यांवरून बोट फिरवत बसले. शेवटी तिथल्या कारागिराने हटकलं, "ताई, माझ्याकडे अजून पुष्कळ आहेत, पण जेवायची वेळ झाली."

त्याहून अद्भुत म्हणजे तपासणीची खोली. इथे कान तपासणाऱ्या एक बाई आहेत, बारीक अंगाच्या, सगळ्यांना "बाळा" म्हणणाऱ्या, अगदी तपासायला आलेल्या आजोबांनासुद्धा. त्यांनी मला त्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. दार कसलं, तिजोरीचंच म्हणा. ते लागलं आणि बाहेरचं जग पुसून गेलं. रस्ता गेला, पंखा गेला, माणसं गेली. आधी मला भीतीच वाटली. मग हळूहळू माझा श्वास ऐकू यायला लागला. मग गिळण्याचा आवाज. मग छातीतली धडधड, आणि मान वळवली की मानेतसुद्धा काहीतरी बारीक करकरतं, बाबा! मी बाहेर आले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि का ते मला सांगता येईना. बाई म्हणाल्या, "अगं बाळा, हे तुझं रोजचंच आहे. आज फक्त बाकीचे गप्प बसले." त्या दिवसापासून मी रस्त्यानेसुद्धा कान देऊन चालते. चपलांचे आवाज माणसागणिक वेगळे असतात, हे तुम्हाला माहीत होतं का? असणारच. तुम्ही फळीवर टिचकी मारून आत कुठे चीर आहे ते सांगायचात, आणि मी तुमच्या शेजारी उभी राहून तशीच टिचकी मारायचे, काही न कळता, पण मोठ्या रुबाबात मान हलवत.

माझ्या गळ्यात काम पडलं ते असं. बरीच माणसं इथे येऊन कान तपासून घेतात, साचाही देऊन जातात, पण मशीन तयार झालं की न्यायला फिरकतच नाहीत. त्यांची मशीनं कपाटात पडून आहेत. असं का होतं, ते शोध, असं साहेब म्हणाले. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, गोड माणूस, पण सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध, सवलत. त्यांना वाटे लोकांना किंमत जास्त वाटते. बाईंना वाटे लोकांना लाज वाटते. मला काहीच वाटेना, म्हणून मी सरळ आठवणीचे फोन करणाऱ्या मुलींच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. दोघी हसऱ्या, गोड गळ्याच्या. त्या म्हणायच्या, "नमस्कार आजोबा, तुमचं मशीन तयार आहे, कधी येताय?" पलीकडून यायचं, "हॅलो? कोण? हो, हो. छान, छान. बरं, ठेवतो." झालं! मुलगी त्या नावापुढे लिहायची, इच्छा दिसत नाही.

तुमच्या लक्षात आलं का बाबा? ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना ही मंडळी फोन करत होती! कानाचं मशीन बनवणारी कंपनी, एकाहून एक हुशार माणसं, आणि इतक्या वर्षांत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला असं हसू फुटलं की खुर्ची घेऊन पडायची बाकी राहिले. मुलीही हसायला लागल्या, साहेब धावत आले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग पुढचा फोन लागला. पलीकडून कुणी तरी म्हणालं, "छान, छान," आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. तो सूर माझ्या ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की पुढे "तब्येतीला जप" येईल असं मला वाटलं.

मी कारखान्यात तुमच्या हाताखाली यायचं सोडून या कॉलेजात आले, तेव्हापासून मला वाटत होतं की तुम्ही माझ्यावर रुसला आहात. फोनवर दोन शब्द बोलता आणि आईला देता. सुट्टीत आले की मी काय काय सांगत सुटते आणि तुम्ही नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसता. मी आईला विचारलंही, बाबा मनातून नाराज आहेत का? ती म्हणाली, छे गं, दमतात ते. त्या संध्याकाळी मी तपासणीच्या बाईंना विचारलं, करवतीच्या मशीनपाशी जन्मभर उभं राहिलेल्या माणसाचं काय होतं? बाई म्हणाल्या, एकदम सगळं नाही जात, बाळा. बारीक, वरचे आवाज आधी जातात. गिऱ्हाइकांचे भारदस्त आवाज येत राहतात, म्हणून त्या माणसाला वाटतं आपलं बरं चाललंय. बायकांचं आणि मुलांचं बोलणं मात्र नुसतं पुटपुटल्यासारखं व्हायला लागतं. म्हणजे तुमच्या कानातून सगळ्यात आधी मी गेले, बाबा, आणि तुम्ही ते कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

गेल्या सुट्टीत तुम्ही फळीवर टिचकी मारलीत आणि मग तळवा फळीवर टेकवून डोळे मिटून उभे राहिलात. मला वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत असेल. आता कळतंय की तुम्ही हाताने ऐकत होता. मला त्याचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त मी थक्क झाले आहे. समोरच्याचे ओठ, भुवया, आईचा चेहरा, फळीची थरथर, एवढ्या सगळ्यावरून तुम्ही बोलणं जुळवत होता आणि आम्हाला कुणाला सुगावा लागू दिला नाहीत. एवढी हुशारी कुठल्या कॉलेजात शिकवतात?

तर आम्ही पत्रं पाठवायची असं ठरलं. हल्ली पत्रं कोण वाचतं, असं साहेब म्हणाले, पण मॅडमचं वाक्य माझ्या डोक्यात बसलेलं होतं. मी हाताने लिहिली, मोठ्या ठसठशीत अक्षरात. सवलत नाही, जाहिरात नाही. तुमचं मशीन तयार आहे, फोन करायची गरज नाही, या. आणि येताना आपलं एक माणूस बरोबर आणा, म्हणजे पहिला आवाज त्याचा ऐकता येईल. हे शेवटचं वाक्य बाईंचं.

आणि माणसं आली, बाबा! एक निवृत्त बसचालक आले, माझं पत्र खिशात घालून, बायकोला घेऊन. बाईंनी मशीन बसवलं, चालू केलं आणि काकूंना म्हणाल्या, बोला आता काहीतरी. काकूंना काही सुचेना. इतकी वर्षं घसा फोडून बोलल्यावर साधं बोलायचं कसं तेच त्या विसरून गेल्या होत्या. शेवटी अगदी हळू, जवळजवळ कुजबुजत त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय का हो?" काका दचकले आणि म्हणाले, "अगं, ओरडतेस कशाला!" सगळी खोली हसली. काकू हसता हसता रडायला लागल्या. आणि काकांनी गडबडून खिशातलं माझं पत्र काढलं, ते परत घडी करायला गेले, आणि थांबले. पुन्हा उघडलं, पुन्हा घडी घातली. मग कानाजवळ नेऊन घडी घातली. कागदाला आवाज असतो हे ते विसरून गेले होते. लहान मूल खुळखुळा वाजवतं तसे ते किती तरी वेळ तो कागद वाजवत बसले, आणि आम्ही सगळे श्वास रोखून त्यांच्याकडे बघत राहिलो. माझ्या कागदाने मी काही बदललं असेल, तर ते एवढंच. क्रेडिट मिळो न मिळो, मी हे बघितलं.

लहानपणी मी कारखान्यात आले की करवत सुरू करायच्या आधी तुम्ही माझ्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचात. स्वतःच्या कानात कधीच नाही. मी विचारलं होतं, तर म्हणालात, "पातं काय म्हणतंय ते मला ऐकायला लागतं." कुणी बोलत असलं की मी मध्ये घुसायचे म्हणून तुम्ही मला पाचर म्हणायचात, आणि त्या बोळ्यांमुळे निदान तेवढा वेळ तरी मी गप्प बसायचे. माझे कान आज इतके तल्लख आहेत की मला मानेची करकर ऐकू येते. ते कुणामुळे, हे मला इथे येऊन समजलं.

इतकी अनोळखी माणसं माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून आली, आणि ज्याला सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, त्याला मी सगळं कळूनही फोन करत राहिले. ते आज सुधारते आहे. सादरीकरण दुपारी आहे, तारीख आणि पत्ता पत्राच्या पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहिलाय. त्या दिवशी सकाळी त्या शांत खोलीत बाईंनी तुमच्यासाठी वेळ राखून ठेवली आहे. मी तुमचं नाव सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बाळाला म्हणावं, घाबरू नकोस. मशीन तयार व्हायला थोडे दिवस लागतील, पण तोवर एक जोड त्या दुपारपुरती उसनी द्यायचं साहेबांनी कबूल केलंय. ती कानात घालून पहिल्या रांगेत बसा. तिथे मी काय बोलते ते सगळं ऐका, आणि मग वाटलं तर खरंखुरं रागवा. येणार की नाही, ते आईच्या तोंडून नको. आता हे पत्र वाचून झालं की कानाजवळ धरून त्याची घडी घाला. कागद वाजला, तर मी उगीच काळजी केली असं समजा आणि तरीही या. नाही वाजला, तर मला फोन करू नका बाबा, सरळ निघून या.

तुमचीच,
पाचर