वेळेआधीची घंटा

ईट, ५ फेब्रुवारी २०२५

चि. विमल हिस,
अ. उ. आ.

टण्, टण्, टण्! अजून दुपारी डोळा लागला की ती घंटा ऐकू येते. कवितेचा तास निम्म्यावर, मी डोळे मिटून चाल धरलेली, आणि तुझा लेक रणधीर व्हरांड्यात टोले हाणून मोकळा. वर्ग पसार! घंटा त्याच्याकडं सोपवली, ही माझीच चूक.

तेवीस तारखेला, रविवारी, शाळेत त्याच्या नावाचा दगड बसवतोय. त्याच्या अग्निशमन दलाची मंडळी त्या सकाळी बंब घेऊन येणार आहेत. दगडावर माझी कविता: ‘अग्निपुष्पा, वीरवरा’. बावीस कडवी झालीत. पडदा तू ओढायचास. रणधीर गेल्यापासून दोन वर्षं तू माहेरी आली नाहीस. ये गं. तुझ्या वहिनीनं, गिरिजानं, तुझ्यासाठी शेंगांची चटणी कुटून ठेवलीय.

रागावली असलीस तरी थोडा लोभ माझ्यासाठी राखून ठेव.
तुझा, तात्या

धाराशिव, १२ फेब्रुवारी

ती. तात्यांस,
शि. सा. न.

अक्षर अजून मोत्यावानी, मजकूर मात्र लई लांब. बावीस कडव्यांना दगड न्हाय, तात्या, डोंगर लागंल.

मी येणार न्हाय. सात सत्कार झाले, सात शाली ट्रंकेत पडल्यात. गोदामाच्या आगीतून दोघांना काढलं, तिसऱ्याला बाहेर ढकललं अन् छत कोसळलं, हे सगळे सांगतात. पण भाषणातला तो वीर मला ओळखूच येत न्हाय. माझं पोरगं कुणीच सांगत न्हाय. आता तुम्हीबी तेच? त्याला सातवीत वर्षभर ओणवं उभं करणारे तुम्ही!

अन् घंटा चूक कशी? पन्नास पोरं तुमच्या कवितेतून सोडवली. त्याची पहिली कामगिरी तीच. बंबावरची पोरं अजून आठवून हसतात.

वहिनींना नमस्कार. तुमच्या चालींसकट तुमच्यावर माया हाय, कमी समजू नका.
धाकटी, विमल

ईट, १७ फेब्रुवारी

चि. विमल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मीच ओणवा उभा राहिलो म्हण. गिरिजा म्हणाली, बेतानं, कमरेचं मलम संपलंय.

बावीस कडवी चुलीत गेली. शरणप्पा पाथरवटाला एवढंच दिलंय: ‘रणधीर. शाळेची घंटा वेळेआधी वाजवायचा. आगीतून तिघांना वाचवलं.’ गुरुजींची कविता कुठाय, असं त्यानं दोनदा विचारलं. हीच, म्हणालो.

भाषण नाही, शाल नाही, पडदा नाही. जुन्या घंटेचा टोला तेवढा तू द्यायचास. वेळ तुझ्या मर्जीची.

वाट पाहणारा, तात्या

ईट, २२ फेब्रुवारी, दुपार

चि. विमल हिस,
अ. उ. आ.

उत्तर नाही. समजलो. उद्या टोला मीच देईन, घड्याळ बघून, बरोब्बर वेळेवर. रणधीर असता तर हसला असता. तू मात्र…

थांब. गल्लीत घंटा वाजतेय. शाळेची नव्हे. बंब! अख्खी आळी बादल्या घेऊन धावतेय, आग कुठं ते कुणालाच ठाऊक नाही. गिरिजाही कळशी घेऊन निघाली. बंब आपल्याच दारात थांबलाय. ड्रायव्हरशेजारून पदर सावरत एक बाई उतरतेय आणि बादलीवाल्यांना हसतेय.

कार्यक्रम उद्या, अन् ही आजच! पोरानं ही खोड कुणाची उचलली होती, ते आत्ता कळलं.