विचारल्याशिवाय नाही

१२ जून

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचं वाचलं. आमच्या व्यायामशाळेत या म्हटलं की तो लगेच बरा होतो, हेही ठाऊक आहे!

इकडे शिट्टीबाई हट्टाला पेटल्यात. शिट्टीवर कवायत घेतात म्हणून बायकांनीच ठेवलेलं नाव. खडखडणारं यंत्र मला न विचारता बंद करू द्या म्हणतात. परवा केलंच, तेव्हा चारचौघींत सुनावलं. ह्यांच्या हातची पाटी अजून भिंतीवर आहे, ‘मालकांना विचारल्याशिवाय यंत्र बंद करू नये’. यंत्र बंद दिसलं की सभासद कुरकुरतात, असं हे म्हणत. हे जाऊन दोनच वर्षं झाली. लगेच शब्द मोडू?

तुमच्या मायेवर तग धरून असलेली,
धाकटी

२० जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

गुडघ्याची चेष्टा पुरे. माझा भाऊ मला तुझ्याआधी वीस वर्षं ठाऊक होता. त्याने पाटी लावली तेव्हा सगळे नवशिके होते, कुणीही भलतंच बटण दाबायचं. शिट्टीबाईंना दहा वर्षं झाली. कुठलं यंत्र बिघडलंय ते त्यांना आवाजावरून कळतं, तुला नाही. त्याच्या अक्षरावर माया कर, हुकमावर नको.

फुगलीस तरी लिही.
तुझी वन्सं

९ जुलै

ती. वन्संना सा. न. वि. वि.

फुगलेच होते. पाटीही काढली नाही.

मंगळवारी धावायच्या यंत्राचा पट्टा अडखळू लागला. मी दाताच्या डॉक्टरांकडे, फोन पिशवीत. शिट्टीबाईंनी पाचदा केला. तेवढ्यात पट्ट्यावर चालणाऱ्या आमच्या एक सभासद, निवृत्त शिक्षिका, पडल्या, मनगट मोडलं. भेटायला गेले तर त्याच मला धीर देत होत्या. शिट्टीबाई एवढंच म्हणाल्या, की बोट बटणावर होतं, पण तुमचं बोलणं आठवलं. राजीनामा ठेवून गेल्या. त्यांच्यामागे सकाळच्या निम्म्या बायकाही गेल्या.

काल शिट्टीबाईंना परत बोलवायला, त्या आता कवायत घेतात त्या नव्या क्लबात गेले. काचेतून दिसलं. एक सायकल खडखडली, शिट्टीबाईंनी येऊन बंद केली, कुणाला विचारलं नाही. वरची बाई उतरून शेजारच्या सायकलवर बसली आणि गप्पा पुढे चालू. वन्सं, कुणीसुद्धा कुरकुरलं नाही.

मी दारातूनच परतले.

रागवायला का होईना, पत्र धाडा.
तुमची धाकटी